खाडाखोडीचे स्वातंत्र्य

नोकरीत असेपर्यंत मी लिहिलेल्या प्रत्येक मसुद्यावर साहेबांचा शेरा पडत असे. त्यामुळे निवृत्तीनंतर जलरंग हाती घेताना, आता आपल्या कामात कोणी ढवळाढवळ करणार नाही, अशी माझी भाबडी समजूत होती. ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून, भर गर्दीत चित्र काढणाऱ्या माणसाला अशी समजूत परवडत नाही.

जलरंगाचा कारभार आमच्या कचेरीच्या नेमका उलट असतो. येथे पांढरा रंग लावायचा नसतो, कागदच कोरा राखायचा असतो. आधी फिकट, मग गडद असा क्रम पाळावा लागतो आणि गडद रंग भलत्या जागी पडला, तर शुद्धिपत्रक काढण्याची सोय नसते. शिवाय ओला कागद कोणासाठी थांबत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जमवलेला करडा रंग मी चित्रातल्या मासुंदा तलावाच्या पाण्यात अलगद सोडत असतो, तोच मागून आवाज येतो, "काका, गडकरी रंगायतन कुठाय?" ते आपल्या पाठीशी आहे, असे मान वळवून सांगेपर्यंत कागद वाळतो आणि शांत पाण्याच्या मधोमध एक करकरीत कड उमटते. (पावसाळ्यात मात्र तोच कागद तासभर वाळत नाही, तेव्हा विचारणारे छत्री धरून थांबतात.)

घरी दाद मागावी, तर सौभाग्यवती चित्र हातभर लांब धरून "ही होडी आहे की चप्पल?" असे विचारतात. सोसायटीच्या चिटणीसांनी माझ्या कलेची कदर केली, ती 'येथे वाहने उभी करू नयेत' हा फलक रंगवायला देऊन.

धीर दिला तो रवींद्रनाथांनी. हस्तलिखितातल्या खोडलेल्या शब्दांना जोडत जोडत ते आकृत्या काढू लागले आणि 1930 साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन पॅरिसमध्ये भरले. खाडाखोडीचा अनुभव तर माझ्याही गाठीशी दांडगा! त्या बळावर मी परवा तलावाचे पाणी सरळ जांभळे रंगवले.

"पाणी जांभळं कसं?" शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारले.

"माझ्या अधिकारात," मी कुंचला न थांबवता म्हणालो.

ते बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि यावर अपील कुठे करायचं?"