शबीहा ही ‘वस्ती वाचवणारी पोरं’ नव्हती

सीरियातल्या यादवीविषयी एक म्हणणं अजूनही पुढे ढकललं जातं: शबीहा म्हणजे जिहादी दाराशी आल्यावर आपली वस्ती राखायला उभी राहिलेली अलवी (तेव्हा सत्तेत असलेल्या असद घराण्याच्या अल्पसंख्य पंथातली) पोरं, सरकारशी त्यांचं देणंघेणं नव्हतं, आणि होम्सजवळच्या हौलाचं हत्याकांड बंडखोरांनीच करून त्यांच्या माथी मारलं.

आधी ‘जिहादी दाराशी आल्यावर’. शबीहा लताकियाच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकापासून होते. सीरियाचं सैन्य लेबनॉनमध्ये होतं. तिकडून सिगारेटी, इलेक्ट्रॉनिक वस्तू, गाड्या चोरट्या मार्गाने आणायच्या, हा त्यांचा धंदा. म्होरके असद घराण्यातलेच, त्यामुळे पोलीस हात लावत नसत. ते मोठ्या मर्सिडीजमधून फिरत. त्या गाडीला तिकडे ‘शबह’, म्हणजे भूत म्हणतात, आणि टोळीचं नाव त्यावरूनच पडलं असं बरेच जण सांगतात. दराआ शहरात सरकारविरोधी निदर्शनं पेटली मार्च २०११ मध्ये. मे महिन्यात युरोपीय संघाने फव्वाझ आणि मुंझिर या दोन असदांवर शबीहा म्हणून, लोकांवर हिंसा केल्याबद्दल, निर्बंध घातलेसुद्धा. नुस्रा फ्रंट या जिहादी संघटनेची घोषणा जानेवारी २०१२ ची, सीरियात इस्लामिक स्टेट तर त्याच्याही नंतरची. मग त्या मे महिन्यात दाराशी कोण आलं होतं? घोषणा देणारे लोक.

‘अलवी पोरं’ हे अर्धंच खरं. किनाऱ्यावर आणि होम्समध्ये भरती मुख्यतः अलवी होती. पण अलेप्पोत निदर्शकांना दडपण्याचं हेच काम बेरी घराण्याने केलं, आणि ते सुन्नी.

आता हौला. २५ मे २०१२ रोजी तिथे १०८ माणसं मेली. त्यांत ४९ मुलं, ३४ बायका. संयुक्त राष्ट्रांच्या माहितीप्रमाणे तोफगोळ्यांनी मेलेले वीसहून कमी. बाकीच्यांना घरात शिरून, जवळून मारलं. घरंच्या घरं संपली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने सरकारी फौजा आणि शबीहा यांनाच जबाबदार धरलं. ४९ मुलांचा हिशोब असा एका ओळीच्या अफवेने उडवला जातो, याची मला चीड येते.

सरकारशी संबंध? २०१२-१३ मध्ये याच टोळ्या इराणच्या मदतीने ‘राष्ट्रीय संरक्षण दल’ या नावाखाली आणल्या गेल्या. पगार, हत्यारं, गणवेश, सगळं मिळालं. लताकियातला प्रमुख होता हिलाल असद, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशर असद यांचाच भाऊबंद.

अलवींची भीती मात्र खोटी नव्हती. असद पडल्यावर, मार्च २०२५ मध्ये, किनाऱ्यावर सुमारे १,४०० लोक मारले गेले, बहुतेक अलवी नागरिक. पण शबीहांनी त्यांना राखलं म्हणणाऱ्यांनी ऑगस्ट २०१५ चं लताकिया आठवावं. गाडी पुढे काढण्यावरून वायुदलाच्या एका कर्नलला त्याच्या कुटुंबादेखत गोळ्या घातल्या गेल्या. कर्नल अलवी होता. आरोप हिलालच्या मुलावर, सुलेमानवर होता. तेव्हा त्याला शिक्षा द्या म्हणत भर चौकात जमलेले लोकही अलवीच होते.