सोलापूरचं ऊन आणि माझी बिनपगारी नोकरी

"आता काय करता सर?" निवृत्त झाल्यापासून जो तो हेच विचारतो. गेले आठ महिने मी एका संस्थेचं फुकट काम करतोय. आठवी-नववीच्या पोरांसाठी ते शाश्वत ऊर्जेवर पुस्तिका काढताहेत. माहिती गोळा करायची आणि तपासायची, ते माझ्याकडे. बायको म्हणते, "शाळेत होता तेव्हा पगार तरी यायचा."

पहिला मसुदा वाचून हसावं की रडावं कळेना. वीज वाचवायची पहिली युक्ती काय, तर थंडीत खोली गरम करायचा हीटर कमी वापरा. सोलापुरात! इथं संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत फिरताना स्वेटर काढून हातात धरावा लागतो. कुणीतरी बाहेरचं पुस्तक समोर ठेवून मराठीत उतरवलं होतं, झालं.

मी पंख्यापासून सुरुवात केली. जुना पंखा ७५ वॅटचा, एप्रिलमध्ये आमच्याकडे वीस तास फिरतो. दिवसाला दीड युनिट, महिन्याला ४५. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॅटच्या आसपास घेतो, त्याचं १८ युनिटांत भागतं. फरक २७ युनिटांचा. कोळशावरच्या एका युनिटला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे एका पंख्यामागं महिन्याला १६ ते १९ किलो. हा हिशेब फळ्यावर मांडला की पोरं घरचे पंखे मोजायला लागतात.

कोळशावरून वाद झालाच. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचे कोळशावरचे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, पाणी उजनी धरणाचं, असा परिच्छेद मी लिहिला. संस्थेतले म्हणाले, "ते नको, विषय सकारात्मक ठेवू." अहो, ज्या पोरांना तिथल्या धुराच्या चिमण्या दिसतात, ज्यांच्या काकाला तिथं काम मिळालंय, त्यांच्यापासून काय लपवायचं? आणि त्याच उजनीच्या पाण्याची वाट आपण नळाशी घागरी लावून बघतो. दोन ओळी कापल्या, पण परिच्छेद राहिला.

'शाश्वत' शब्दाचीही गंमत. पूर्व भागातल्या एका विडी वळणाऱ्या अक्कांना विचारलं, याचा अर्थ काय? त्या म्हणाल्या, "देवाचं काहीतरी असंल." पहिल्या पानावर आता 'न संपणारी लाईट' असं लिहिलंय. शुद्धलेखनवाल्यांनी नाक मुरडलं, मुरडू देत.

सगळ्यात मोठी चूक मात्र माझीच. मी ऐटीत लिहिलं होतं, सोलापूरचा उन्हाळा जितका कडक तितकं सोलर जोरात. माझ्याकडे शिकवणीला येणारी एक मुलगी म्हणाली, "सर, मोजलंत का?" नव्हतं मोजलं. मग २० वॅटचं पॅनल आणि व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर घेऊन भर दुपारी गच्चीवर गेलो. नुसत्या पॅनलचं, काहीही न जोडता, व्होल्टेज १९ च्या खाली. पॅनलच्या पाठीला ओलं पोतं लावलं, दहा मिनिटांत २० च्या वर. (काचेवर गार पाणी ओतू नका, तडकू शकते.) पॅनलला उजेड लागतो, ताप नाही. त्याची क्षमता ठरवतात ती २५ अंशांना, आणि त्यापुढं दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के ताकद घटते. आपल्याकडं मे महिन्यात गच्चीवरचं पॅनल ६५ अंशांपर्यंत सहज तापतं. हिशेब तुम्हीच करा. घोटाळा आपल्या भाषेतच आहे. उजेड आणि चटका, दोन्हीला आपण ऊनच म्हणतो. त्यावर आता दोन पानं आहेत, पोत्याच्या चित्रासकट.

अशा कामाला माणसं शोधताना संस्था विचारतात, इंग्रजी चांगलं आहे का, रोज दोन तास देता येतील का. गच्चीवर चढता येतं का आणि लाईट बिल वाचता येतं का, हे कुणीच विचारत नाही. माझ्या मते तेवढंच पुरे. फुकट काम आहे म्हणून चुकीचा आकडा चालवून घ्यायचा, हेही मला पटत नाही. तो आकडा पोरगं परीक्षेनंतरही खरा मानून चालतं.

आता त्याच मुलीनं नवा प्रश्न काढलाय. तिच्या घरी टॉवेलचे माग आहेत, रात्रपाळी चालते. "सर, सोलरवर रात्री माग कसा चालणार?" नियमात बसेल तिथं दिवसा जास्तीची वीज लाईनला देऊन रात्री परत घ्यायची, हे मी सांगितलं, पण तिला आकडे हवेत. तर मंडळी, कुणी यंत्रमागाच्या शेडवर सोलर बसवलं असेल, तर मे आणि डिसेंबरची बिलं मला मेसेजमध्ये पाठवा. ग्राहक क्रमांक खोडून. चहा माझ्याकडून.