फुकट लेख मागताना लाज कशी वाटत नाही?

काल परत तोच मेसेज. "सर, आमच्या अंकासाठी इमारतींच्या दुरुस्तीवर छोटासा लेख हवाय. फक्त आठशे शब्द. शुक्रवारपर्यंत द्या. मानधन देता येणार नाही, पण नाव आणि फोटो ठळक छापू."

या 'फक्त'नं माझं डोकं फिरतं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, वीस वर्षं जुन्या इमारती तपासतोय. कॉलमला तडा का जातो हे तोंडी दोन मिनिटांत सांगेन: काँक्रीटमध्ये पाणी मुरतं, सळई गंजते, गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते आणि तो काँक्रीटला आतून ढकलून फोडतो. पण हेच कुणालाही कळेल असं आणि एकही शब्द चुकीचा न जाता लिहायला माझे दोन रविवार जातात. आकृत्या काढा, जुन्या कामांचे फोटो शोधा, इमारतीच्या मालकांची परवानगी घ्या. चूक झाली तर जबाबदारी कुणाची? माझीच. नाव माझं आहे ना!

आणि हा अंक कुणी पदरमोड करून काढत नाही. कागदाचे पैसे जातात, छपाईचे जातात, मांडणी करणाऱ्याला मिळतात, पानपानभर जाहिराती असतात. मला लेख मागणाऱ्यालाही महिन्याचा पगार आहे. सगळ्यांना देऊन झालं आणि लिहिणाऱ्याची पाळी आली की नेमकं बजेट संपतं!

"तुमची ओळख होईल, सर." याआधी तीनदा झाली माझी ओळख. फोन खूप आले. सगळे "फोटो पाठवतो, जरा बघून सांगा"वाले. काम एकही आलं नाही.

तिसऱ्या वेळचं तर अजून विसरलेलो नाही. मी लिहिलं होतं, "वरून गिलावा करून तडा झाकता येतो, पण आतली सळई गंजतच राहते, म्हणून आधी ती उघडी करून तपासा." जागा कमी पडली म्हणून त्यांनी वाक्य स्वल्पविरामावर तोडलं. छापून आलं, "वरून गिलावा करून तडा झाकता येतो." माझ्या नावाखाली, माझ्या फोटोखाली! प्रूफ दाखवा म्हणून दोनदा बजावलं होतं. जाब विचारला तर म्हणे, "सर, एवढं बारकाईनं कोण वाचतं?" अहो, ज्याच्या घराचा कॉलम फुटलाय तो वाचतो! पुढच्या अंकात दुरुस्ती छापा म्हटलं, तीही छापली नाही. मोजून पैसे दिले असते तर माझ्या लेखावर अशी कात्री चालवली असती?

हे माझ्या एकट्याच्याच नशिबी नाही. हफिंग्टन पोस्ट या अमेरिकेतल्या बातम्यांच्या साइटवर हजारो लोक फुकट लिहीत होते. २०११ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीनं ती साइट ३१.५ कोटी डॉलरला विकत घेतली, लिहिणाऱ्यांना छदामही मिळाला नाही. त्यांच्यातले जोनाथन टासिनी कोर्टात गेले. २०१२ मध्ये दावा फेटाळला गेला, कारण पैसे मिळणार नाहीत हे माहीत असूनच या लोकांनी लिहिलं होतं. हे मला फार झोंबलं. एकदा हो म्हटलं की मग तक्रारीला जागाच उरत नाही. भांडायचं ते आधी.

मी फुकट लिहितच नाही असं नाही. विद्यार्थ्यांसाठी टिपणं लिहितो. आमच्या क्षेत्रातल्या संघटनेच्या पत्रिकेत संपादकही बिनपगारी रात्री जागतो, तिथे आनंदानं लिहितो. जिथे कुणीच कमवत नाही तिथे मी कशाला हात पसरू? (संशोधनपत्रिकांचं तर बोलायलाच नको. लिहिणारा फुकट, तपासणारा फुकट, आणि ग्रंथालयांकडून मात्र भरभक्कम वर्गणी. त्यावर वेगळं बसून भांडावं लागेल.)

सगळ्यात चीड येते ती या वाक्याची: "नाही जमलं तर दुसरं कुणीतरी देईल, सर." देईल ना! कालपरवा पास झालेलं एखादं पोर देईल, नाव छापून येतंय या आनंदात रात्रभर जागून. आणि मेलच्या तळाशी बारीक अक्षरात 'लेखाचे सर्व हक्क आमच्याकडे' असं लिहिलेलं असतं, ते त्या पोराला कुणी दाखवणार नाही. लेखकांच्या हक्कांसाठी झालेल्या १८८६ च्या बर्न करारात आज जगातले बहुतेक देश आहेत. त्यानुसार लेख लिहिला की तो लिहिणाऱ्याचा, कुठे नोंदणीचीही गरज नाही. आणि यांना तो फुकट हवा, वर मालकीही हवी!

काल रात्री उत्तर पाठवलं. मानधनाचा आकडा टाकला. पंधरा दिवस लागतील, प्रूफ दाखवल्याशिवाय छापायचं नाही, विचारल्याशिवाय एकही वाक्य कापायचं नाही, हक्क माझ्याकडे.

पाच मिनिटांत फोन. "सर, तुम्ही तर एकदम कमर्शियल झालात!"

हो, झालो. तुमच्या अंकात एका पानाच्या जाहिरातीचा दर काय आहे, ते आधी सांगा.