व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

लष्करी थरारपटातला तो माणूस सगळ्यांच्या ओळखीचा आहे. युद्धावरून परतलेला, रात्री दचकून उठणारा, दारूत बुडालेला माजी सैनिक. कुणीतरी त्याला शोधत येतं, 'शेवटची एक कामगिरी' म्हणून पुन्हा युद्धभूमीवर नेतं, आणि बंदूक हातात आली की त्याची थरथर थांबते. अशा गोष्टी मी आवडीने वाचतो आणि पाहतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती 'हे सगळं खरंच असतं' असं सांगत हातोहात फिरणाऱ्या मजकुराबद्दल. त्याचा सारांश असा: व्हिएतनाममध्ये लढताना मेले त्याहून जास्त अमेरिकी सैनिक घरी आल्यावर आत्महत्येने मेले. उरलेल्यांतले बहुतेक गर्दुल्ले झाले. आधीच्या पिढ्यांतल्या सैनिकांना असलं काही होत नव्हतं. असा माणूस घरात ठेवणं धोक्याचं. आणि तो बरा होतो फक्त पुन्हा युद्धात गेल्यावर.

एकेक करून पाहू.

आत्महत्यांचा आकडा आधी घेतो, कारण तो सर्वांत जास्त पसरला आहे. व्हिएतनाम युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिकांचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, व्हिएतनामला गेलेले आणि त्याच काळात लष्करात असून इतरत्र नेमलेले अशा हजारो सैनिकांच्या मृत्यूंची तुलना केली आणि १९८७ मध्ये निष्कर्ष छापले. व्हिएतनामहून आलेल्यांमध्ये लष्करी सेवा संपल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ४५ टक्के जास्त होतं. वाहन अपघात, आत्महत्या आणि खून ही त्याची मोठी कारणं. त्यानंतर दोन्ही गटांतला फरक जवळजवळ मिटला. या आकडेवारीवरून १९९० मध्ये काढलेला अंदाज सांगतो, की ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या सैनिकांच्या एकूण आत्महत्या नऊ हजारांहून कमी होत्या. नऊ हजार घरांतलं दुःख काही लहान नाही. पण ५८ हजारांच्या वरचा आकडा कुठून आला, हे तो पुढे पाठवणाऱ्यांपैकी कुणी विचारलेलं दिसत नाही. शिवाय त्या फुगवलेल्या आकड्याने खरी, कामाची माहिती झाकली जाते: परतल्यानंतरची पहिली पाच वर्षं जिवावरची होती. लक्ष तिथे द्यायला हवं होतं.

गर्दुल्ल्यांची गोष्ट तर याहून उलटी आहे. १९७१ मध्ये हेरॉइनच्या बातम्यांनी अमेरिकेत खळबळ माजली आणि व्हिएतनाम सोडण्याआधी प्रत्येक सैनिकाची लघवी तपासायला सुरुवात झाली. नमुन्यात अंमली पदार्थ सापडला, तर विमानात चढायला परवानगी नाही. त्या सप्टेंबरात परतलेल्या सैनिकांचा माग सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधक ली रॉबिन्स यांनी काढला. व्हिएतनाममध्ये असताना आपल्याला व्यसन लागलं होतं, असं जवळजवळ पाचातल्या एकाने सांगितलं. घाबरावं असाच हा आकडा. पण तिकडे व्यसनी झालेल्यांपैकी मायदेशी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते फक्त पाच टक्क्यांच्या आसपास. सरकारलाही हे खरं वाटेना. स्वस्त आणि शुद्ध हेरॉइन, कंटाळा, भीती, सोबत तेच करणारे दोस्त हे सगळं मागे राहिलं, आणि बहुतेकांचं व्यसनही तिथेच राहिलं.

आता 'आधीच्या पिढ्या कणखर होत्या' हे विधान. ते ऐकायला अभिमानास्पद वाटतं, म्हणून जास्त टिकतं. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या मनावर होणाऱ्या आघातासाठी ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी 'शेल शॉक' हा शब्द १९१५ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. त्या महायुद्धात पळून जाणं, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने ज्यांना गोळ्या घातल्या, त्यांतल्या ३०६ जणांना २००६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४३ मध्ये, सिसिलीतल्या लष्करी रुग्णालयांना भेट देताना अमेरिकी जनरल पॅटन यांनी आठवड्याभराच्या अंतराने दोन सैनिकांना भेकड ठरवून थोबाडीत मारली. त्यांतल्या पहिल्याला मलेरिया होता, अंगात ताप होता. त्यांचे वरिष्ठ सेनापती आयझेनहॉवर यांनी पॅटन यांना माफी मागायला लावली. १९४६ मध्ये दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी लाँग आयलंडवरच्या लष्करी रुग्णालयात मन खचलेल्या सैनिकांवर माहितीपट केला. लष्कराने तो जवळजवळ ३५ वर्षं लोकांना दाखवू दिला नाही. तेव्हा त्या पिढीला काही झालं नाही असं म्हणताना, झालेलं दिसू दिलं गेलं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.

आपल्याकडचंच पाहा. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडलेल्या, ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. घोडे कापून खायची वेळ आली, १९१६ च्या एप्रिलअखेर शरणागती झाली, आणि पुढच्या कैदेत माणसं उपासमारीने आणि रोगाने मेली. जे गावी परतले, त्यांना रात्री झोप लागत होती का, हे कुणी विचारून लिहून ठेवलं? घरात विषय निघाला नाही, एवढ्यावरून आजोबा खणखणीत होते असा निष्कर्ष काढणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

अमेरिकेत आघातानंतर मागे राहणाऱ्या या मानसिक आजाराला पीटीएसडी हे अधिकृत नाव १९८० मध्ये मिळालं, तेही व्हिएतनामहून आलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी झगडून मिळवलं. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हे सैनिक गट करून बसत आणि एकमेकांना सगळं सांगत. थरारपटातला एकलकोंडा नायक त्या बैठकांत बसलेल्या कुणासारखाच नाही.

चौथा मुद्दा धोक्याचा, आणि इथे मला थांबून बोलायचं आहे, कारण यात थोडं तथ्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. इराक आणि अफगाणिस्तानहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न असा होता, की वर्षभरात कुणी गंभीर हिंसा केली का. पीटीएसडी नाही आणि दारूचा अतिरेकही नाही, अशांमध्ये प्रमाण ५.३ टक्के. फक्त पीटीएसडी असलेल्यांत १० टक्के, फक्त दारूचा अतिरेक असलेल्यांत १०.६ टक्के. दोन्ही एकत्र असतील, तर ३५.९ टक्के. म्हणजे नुसता आजार असलेल्या दहांतल्या नऊ जणांनी अशी हिंसा केली नव्हती. आजार आणि बाटली एकत्र आली की गोष्ट बदलते. म्हणून अशा माणसाच्या घरच्यांना 'सांभाळून राहा' एवढंच सांगणं निरुपयोगी आहे. दारूचं पाहा, झोपेचं पाहा, घरात हत्यार असेल तर ते कुठे ठेवलंय ते पाहा, हे सांगायला हवं. आणि घराघरांतला बहुतेक त्रास हिंसेचा नसतोच. माणूस लग्नाकार्याला जायचं टाळतो. मुलांशी तुटक बोलतो. दिवाळीत फटाके सुरू झाले की दार लावून बसतो. हे पडद्यावर दाखवण्यात कुणाला रस नाही, पण बायकोपोरांचं आयुष्य यातच जातं.

राहिला शेवटचा दावा: त्याला पुन्हा युद्धात पाठवा, तिथे तो शांत होईल. काही जणांना तिथे बरं वाटतं, हे खरं आहे. सतत सावध राहायची जी सवय घरात जाचते, तीच तिथे कामी येते. पण लक्षणं उपयोगी पडली म्हणजे आजार गेला असं होत नाही. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी पीटीएसडीसाठी विकसित केलेल्या उपचारात नेमकं उलट घडतं. रुग्ण डोळे मिटून ती घटना मोठ्याने सांगतो, आत्ता समोर घडतेय अशी, बारीकसारीक तपशिलांसह. ते ध्वनिमुद्रित होतं आणि घरी रोज ऐकायचं असतं. सोबत, टाळलेल्या जागी हळूहळू जायचं: गर्दीचा बाजार, दाराकडे पाठ करून बसायची खुर्ची. साधारण आठ ते पंधरा बैठका लागतात. कष्टाचं काम आहे, अनेक जण मध्येच सोडतात, सगळ्यांना सारखा गुण येत नाही. तरीही सिद्ध झालेला उपाय हा आहे, आणि त्यात कुणावर गोळी झाडावी लागत नाही.

युद्धक्षेत्रात परतलेल्या माजी सैनिकांची खरी कहाणी हवी असेल, तर बगदादचा निसूर चौक आठवा. १६ सप्टेंबर २००७ रोजी ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या माणसांनी भर चौकात गोळीबार केला. १७ इराकी नागरिक मेले, त्यांत नऊ वर्षांचा एक मुलगा होता. खटला चालून ज्या चौघांना शिक्षा झाली ते सगळे माजी सैनिक होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं याबद्दल मी अंदाज बांधणार नाही. पण 'बंदूक हातात द्या, तो सावरेल' असं लिहिणाऱ्याने त्या चौकात गाड्यांत बसलेल्या नागरिकांचा विचार केलेला नसतो.

तुमच्या ओळखीत सैन्यातून आलेलं कुणी अशा त्रासात असेल, तर मोफत हेल्पलाइन 'टेलि-मानस'चा क्रमांक १४४१६ आहे, ती चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा एक खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. तो मजकूर पुढे पाठवण्याऐवजी हा क्रमांक पाठवा.