तुरा तोडण्याआधी

आमच्या आप्पांना उसाला आलेला तुरा, म्हणजे त्याचा फुलोरा, बघवत नाही. निपाणी भागात दिवाळीच्या पुढंमागं एखादा प्लॉट पांढरा दिसायला लागला की ते बांधावरूनच म्हणतात, "तुरा आला, वजन गेलं." खरंच आहे ते. तुरा आला की वाढ थांबते, तोड लांबली तर आत दशी पडते, म्हणजे गाभा कोरडा, पोकळ होतो, आणि काट्यावर मार बसतो. मी मात्र वनस्पतिशास्त्र शिकवते. मला त्या तुऱ्यात एक बाई दिसते, वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल.

आपण ऊस कांडीवरून लावतो. कांडीवरून आलेला ऊस म्हणजे तोच जुना ऊस, दुसरा कुणी नाही. नवा वाण हवा असेल तर तुऱ्याच्या पांढऱ्या लवेत लपलेलं बारीक बी रुजवावं लागतं. कोइमतूरला उसाला तुरा चांगला येतो, बीही भरतं, म्हणून १९१२ साली तिथं ऊस पैदास संस्था निघाली. आपल्या शिवारातल्या को ८६०३२ या वाणातला 'को' तो हाच, कोइमतूरचा. तिथं जाड, गोड उसाचा संकर नदीकाठच्या रानगवतासारख्या जंगली उसाशी केला. गोडी एकाची, काटकपणा दुसऱ्याचा.

त्याच संस्थेत १९३४ ते ३९ जानकी अम्मल होत्या. जन्म १८९७ चा, केरळातल्या तलश्शेरीचा. शिक्षण मद्रासला, मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात. १९३१ मध्ये डॉक्टरेट. त्या काळात आपल्या आज्या-पणज्यांची लग्नं कितव्या वर्षी व्हायची ते आठवा. कोइमतूरला त्यांनी उसाचा संकर मक्याशी केला, ज्वारीशी केला. ही तिन्ही पिकं आपल्याच जिल्ह्यात बांधाला बांध लावून उभी असतात. ती एकमेकांची सोयरी आहेत हे आपल्या मनातही येत नाही. मका-उसाच्या संकरावरचं त्यांचं टिपण १९३८ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. त्या संकरातून शेतात लावायचा वाण निघाला नाही. पण कुठलं गवत कुणाचं भाऊबंद आहे ते पेशीत डोकावून शोधायची वाट त्यातून रुळली, आणि माझ्या मते वाणाइतकंच मोल त्याला आहे.

पुढं त्या इंग्लंडला गेल्या. लंडनवर बॉम्ब पडत होते त्या वर्षांत तिथं क्रोमोसोम, म्हणजे पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे दोरे, मोजत राहिल्या. १९४५ मध्ये इंग्रज पेशीशास्त्रज्ञ डार्लिंग्टन यांच्यासोबत लागवडीच्या वनस्पतींचा क्रोमोसोम अॅटलास काढला. इंग्लंडमधल्या विस्लीच्या बागेत कोल्चिसिन हे रसायन लावून मॅग्नोलिया या फुलझाडाचे क्रोमोसोम दुप्पट केले. तिथल्या एका मॅग्नोलियाला त्यांचं नाव आहे. १९५१ मध्ये नेहरूंच्या बोलावण्यावरून परतल्या, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची घडी बसवायला. आणि ऐंशी उलटल्यावर केरळातल्या सायलेंट व्हॅली या रानातल्या धरणाला विरोध करायला उभ्या राहिल्या. त्या फेब्रुवारी १९८४ मध्ये गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते रान राष्ट्रीय उद्यान झालं.

एम.एस्सी. झाल्यावर मलाही उसाच्या पेशींवर काम करायचं होतं. ज्यांच्याकडे गेले ते गाईड तोंडावर म्हणाले, "बाई, ऊस अवघड आहे, आणि तुम्ही लग्न झालं की मधेच सोडणार." मी घरी आले आणि बी.एड.चा फॉर्म भरला. ते बोलणं अजून सलतं.

म्हणून यंदा प्रॅक्टिकलला नेहमीच्या कांद्याबरोबर ऊसही घेतला. कांड्या ओल्या वाळूत ठेवल्या. डोळ्याजवळच्या ठिपक्यांतून पांढरी मुळं फुटली. सकाळी दहाच्या सुमारास त्यांची टोकं कापली, अल्कोहोल-अॅसेटिक अॅसिडमध्ये घातली, दुसऱ्या दिवशी अॅसिटोकार्मिनमध्ये रंगवून स्पिरिटच्या दिव्यावर जरा शेकली. मग वर काच ठेवून टिपकागदावरून अंगठ्यानं दाबायचं. काच सरकली की सगळं संपलं. कांद्याचे सोळा क्रोमोसोम मुलींनी पाच मिनिटांत मोजले. उसाच्या पेशीत मात्र तांबड्या दोऱ्यांचा नुसता गुंता. जाड, गोड उसाचे ऐंशी, संकर उसाचे शंभराच्या वर. एकावर एक चढलेले. तिघींनी मोजले, तीन आकडे आले. त्यातली एक, जिचे वडील ऊसतोडीचा ट्रॅक्टर चालवतात, जेवणाची सुट्टी झाली तरी उठेना. "मॅडम, अजून एकदा मोजते."

आपल्याकडे उसावर बोलणं म्हणजे टनाला किती, काटा बरोबर आहे का, बिल कधी. ते बोलायलाच हवं, घर त्यावर चालतं. पण ज्या भागातलं शेंबडं पोरही पेरावरून वाण ओळखतं, तिथल्या मुली पैदासीच्या संशोधनात दिसू नयेत याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या पोरींना ऊस शिकवावा लागत नाही. त्यांना सूक्ष्मदर्शक हवा, तोही कुलपाबाहेर, आणि "तुला जमणार नाही" म्हणणारं माणूस वाटेत नको.

निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात कुणाच्या प्लॉटला तुरा आला असेल तर तोड येण्याआधी इनबॉक्समध्ये कळवा. रविवारी मुलींना घेऊन येते. ऊस मोडणार नाही, चार-पाच तुरे तेवढे घेऊ.