‘तू गेलीस की अमेरिकेला!’

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद मागच्या जुलैपासून धुमसतोय. नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या विशाखापट्टणममधल्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमलाच पाहिजे, असं त्यात सांगितलं. बातमीची लिंक मीच टाकली होती. दादा बार्शीजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. त्याचं उत्तर पाच मिनिटांत आलं : "आमच्याकडे दोन वर्षं गणिताला शिक्षक नाही आणि हे समुपदेशक नेमणार. आपल्याला कुणी केलं होतं समुपदेशन? तू गेलीस की अमेरिकेला!" खाली वहिनीचा आणि दोन मामेभावांचा अंगठा.

गणिताच्या शिक्षकाबद्दल माझं भांडणच नाही. तो हवाच, आधी हवा. पण त्या शेवटच्या वाक्याने जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहते, घर आहे, नोकरी आहे, म्हणजे आम्हा भावंडांचं जे झालं ते बरोबरच झालं, असं ठरवून टाकायचं? मला पुरावा म्हणून वापरण्याआधी मला विचारायचं तरी.

मी १९९८ साली बारावी झाले. तेव्हा इंजिनिअरिंगचा प्रवेश पीसीएमच्या मार्कांवर आणि समोरासमोर व्हायचा. मोठ्या हॉलमध्ये फळ्यावर उरलेल्या जागा लिहिलेल्या, पुकारा झाला की टेबलापाशी जायचं. मी आणि अण्णा पहाटेच्या एसटीने पोचलो होतो. मला भूगोल आवडायचा. पावसाचे नकाशे मी वहीत पुन्हा पुन्हा काढायचे. आमच्याकडे पाऊस का पडत नाही आणि शंभर किलोमीटरवर का पडतो, हे मला समजून घ्यायचं होतं. पण एवढे मार्क पडल्यावर आर्ट्स हा शब्द घरात उच्चारायची सोय नव्हती. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "इन्स्ट्रुमेंटेशन आहे. घ्यायची का? मागे रांग आहे." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी फळ्याकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "घ्या." माझं आयुष्य ठरायला दोन मिनिटं लागली असतील. आणि त्या सगळ्या प्रकाराला तेव्हाही काउन्सेलिंगच म्हणायचे.

आजही म्हणतात. नीटनंतर जागा वाटणाऱ्या समितीचं नावच मेडिकल काउन्सेलिंग कमिटी आहे. आपल्यातल्या बहुतेकांना हा शब्द भेटला तोच जागावाटपाच्या अर्थाने, आणि मला वाटतं दादाच्या रागाचं मूळ इथेच आहे. समुपदेशक म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर एक तर जागा वाटणारा कारकून येतो, नाहीतर वेड लागलेल्यांचा डॉक्टर. या दोन्हींच्या मध्ये एक पगारी माणूस असू शकतो, ज्याचं काम मुलाला ओळखणं आणि त्याची पुढची वाट त्याच्यासोबत बसून शोधणं एवढंच आहे, हे त्याने पाहिलेलंच नाही. मीही चाळिशी ओलांडल्यावर पाहिलं.

माझ्या भाचीचंच घ्या. ती गेल्या वर्षी दहावी झाली. राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश त्याच वर्षी पहिल्यांदा सगळ्या महाराष्ट्रात एकत्र सुरू झाला होता. फॉर्ममध्ये दहापर्यंत कॉलेजं पसंतीक्रमाने भरायची. दादा शिक्षक, वहिनी बी.ए., तरी तो क्रम भरला तो नेट कॅफेवाल्या पोराने. "सर, हे वर टाका, मागच्या वर्षी कटऑफ कमी होता." पोरगा चांगला आहे, त्याच्या परीने त्याने मदतच केली. पण सगळ्या गावाचा समुपदेशक तोच झालाय. आणि समुपदेशकाची गरज काय, असं विचारणारा माझा भाऊ त्याच्या काउंटरपुढे पाऊण तास उभा होता.

२०१६ साली राज्याने दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू केली होती, ती मला मनापासून आवडली होती. मुलांच्या हातात निदान कल सांगणारा एक कागद पडायचा. पण तो कागद घेऊन बसायचं कुणापुढे? वर्गशिक्षकांकडे साठ-सत्तर मुलं, वर पोषण आहाराचे हिशेब, निवडणुकीची कामं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींच्या संस्थेचा ‘वेध’ हा मुलांना करिअरच्या वाटा दाखवणारा कार्यक्रम अनेक शहरांत भरतो. तिथून मुलं भारावून येतात, पण सोमवारी पुन्हा त्याच बाकावर बसतात. भारावणं टिकवायला शाळेत रोज भेटणारं कुणीतरी लागतं.

इथे माझ्या लेकीला नववीत काउन्सेलर मिळाल्या, आडनावाच्या अक्षराप्रमाणे. चारही वर्षं त्याच. नववीतच त्यांनी चार वर्षांचे विषय एका पानावर मांडून दाखवले. शाळा पूर्ण करायला कोणत्या विषयांचे क्रेडिट कमी पडताहेत, हे दर सेमिस्टरला तपासलं. अकरावीत एका क्लिनिकमध्ये जॉब शॅडोइंगला, म्हणजे तिथल्या लोकांसोबत राहून त्यांचं काम बघायला पाठवलं. बारावीत फाफ्सा, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मागायचा अर्ज, भरून घेतला.  कॉलेजांना ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे चार वर्षांचं गुणपत्रक, त्याच पाठवतात, शिफारसपत्रही त्याच लिहितात.

त्या पत्रासाठी पालकांकडून एक फॉर्म मागवतात. तो मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन रात्री उघडून बसले होते. पहिलाच प्रश्न : तुमच्या मुलीचं वर्णन करणारे पाच शब्द लिहा. मी ‘हार्डवर्किंग’ लिहिलं आणि अडकले. पुढे : मार्कांमध्ये न दिसणारी तिची कोणती गोष्ट तुम्हाला माहीत आहे? घरात तिच्यावर कोणती जबाबदारी आहे? ती कशाने खचते, आणि मग काय करते? इंग्रजीत सुचेना म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहायला घेतलं. मराठीतही सुचेना. हिचा जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, मला दशांशासकट पाठ होता, पण ती खचली की काय करते हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या रात्री आठवलं : आई इथे आली होती तेव्हा तिच्या हृदयाच्या तपासणीला ही सोबत गेली होती. परत आल्यावर आजीला पडद्यावरच्या झडपा हाताच्या मुठी उघडझाप करून समजावत होती. मी शेजारी भाजी चिरत होते आणि मला वाटलं होतं, वेळ घालवतेय.

फेब्रुवारीत काउन्सेलर बाईंनी आम्हाला बोलावलं. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात प्रवेश मिळालेला होता. बाईंनी खर्चाचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि लेकीला म्हणाल्या, आता तू सांग. लेक म्हणाली, तिला सोनोग्राफी करायची आहे. कॉलेज ऑफ डुपेज या इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजला आधी शरीरशास्त्राचे विषय घेईन, मग त्या कोर्सच्या निवडीला बसेन. पुढे पदवी करावीशी वाटली तर राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांमध्ये सामान्य शिक्षणाचे क्रेडिट धरले जातात, हे बाईंनी माझ्यासाठी पुन्हा समजावलं. मी मान डोलावली. पार्किंग लॉटमध्ये आल्यावर मात्र गाडी सुरू न करता लेकीला बोलले, खूप बोलले. "कम्युनिटी कॉलेज? यासाठी आलो आम्ही?" ती काही बोलली नाही.

दादा म्हणतो, तुमच्याकडेही सगळं आलबेल नाही. कबूल. २०१९ साली रिक सिंगर या खासगी प्रवेश-सल्लागाराचं प्रकरण बाहेर आलं, श्रीमंतांनी लाच देऊन मुलं नामांकित कॉलेजांत घुसवली होती. इथले आपले लोकही हजारो डॉलर मोजून खासगी सल्लागार लावतात. काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थ्यांची आहे आणि २०२३-२४ची देशाची सरासरी ३७६ आहे; ॲरिझोनात तर ६००च्या वर. पण लाच देऊन झालेले प्रवेश दाखवून शाळेतली साधी, पगारी, सर्वांसाठी असलेली बाई नकोच म्हणायचं, हे मला पटत नाही. सिंगरकडे जायला पैसा लागायचा. आमच्या काउन्सेलर बाईंकडे जायला फक्त आडनाव लागलं.

आणि आपल्याकडे हे होणार असेल तर नीट व्हावं, म्हणून मी इतकी चिडते. विज्ञानाच्या शिक्षकाला दोन दिवसांची कार्यशाळा देऊन रजिस्टरमध्ये ‘समुपदेशक’ लिहायचं, हे होणार, हे मला दिसतंय. तसं झालं तर दादाचंच खरं ठरेल. त्या माणसाला तेवढंच काम द्या, त्याला दुसरा वर्ग देऊ नका, आणि एक मूल शाळा सोडेपर्यंत त्याच्याकडेच ठेवा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. एक गोष्ट लिहिली नाही. १ मे रोजी शाळेत सगळी मुलं आपापल्या कॉलेजचे टीशर्ट घालून आली. लेकीने कॉलेज ऑफ डुपेजचा घातला. मी दारातल्या पाटीशेजारी तिचा फोटो काढला, छान आला. शेजारच्या मुलाचा अर्बाना-शॅम्पेनच्या नामांकित विद्यापीठाच्या टीशर्टातला फोटो मी लाइक केला. माझ्या लेकीचा फोनमध्येच ठेवला. वहिनीने विचारलं, कुठे घेतलं ॲडमिशन? मी लिहिलं, अजून ठरतंय. दहा महिने भावाला ज्या गोष्टीवरून सुनावत होते, ती माझ्या घरात होऊन गेली होती आणि मला तिची लाज वाटत होती. गावाकडे मी ‘अमेरिकेला गेलेली’ आहे. तो मान मलाही सोडवत नव्हता. म्हणजे दादाने मला पुरावा बनवलं ते माझ्या संमतीनेच.

गेल्या रविवारी फोटो टाकला. कोर्सचं नाव लिहिलं, कॉलेजचं लिहिलं. मग तो फॉर्म काढला, त्यातले सात प्रश्न मराठीत उतरवले आणि ग्रुपवर न टाकता दादाला एकट्याला पाठवले. लिहिलं, भाचीबद्दल आहेत, जमलं तर सांग. दोन दिवस नुसत्या निळ्या खुणा.

बुधवारी दुपारी व्हॉइस नोट आली, अकरा मिनिटांची. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून ऐकली. सुरुवातीला बराच वेळ नुसता खाकरतोय. मग म्हणतो, पाच शब्द काही जमत नाहीत बघ, पण विहिरीवरचा स्टार्टर जळला होता ना दिवाळीत, तो वायरमन यायच्या आधी हिने उघडला होता. कुठल्या रंगाची वायर कुठे जाते ते वहीत काढून ठेवलं होतं आणि ती वही वायरमनलाच दाखवली. मी तिला ओरडलो होतो, शॉक बसला असता म्हणून. ती वही कुठे गेली ते आता विचारतो, असं म्हणून त्याने तिला हाक मारलेली ऐकू येते, आणि मग बराच वेळ दोघंही कपाटात काहीतरी शोधताहेत.