एका नमुन्यात दहा हेक्टर

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मृदा आरोग्य पत्रिकेवरून, म्हणजे सरकारी माती तपासणीच्या कागदावरून, पुन्हा भांडण पेटलंय. शेतकी पदवी घेतलेला पुतण्या म्हणतो, पत्रिकेत आहे तेवढंच खत टाका. माझे वडील, तात्या, म्हणतात, मंगळवेढ्याच्या काळ्या रानाला कागद लागत नाही. मला दोघांचाही राग येतो.

इथे पश्चिम ऑस्ट्रेलियात मेरेडिनला बारा वर्षं मी मातीचे नमुने काढतोय. एप्रिलमधला अँझॅक डे जवळ आला की पेरणीची घाई असते, तरी यूटमधून, म्हणजे पिकअप गाडीतून, माती काढायचा ऑगर उतरवण्याआधी मालक पॅडॉक, म्हणजे रान, फिरवून दाखवतो. इथे सॅमन गमची झाडं होती, तिथे मॅलीची. सॅमन गम आणि गिमलेट ही झाडं जिथे, ती भारी जमीन, हे जुन्या शेतकऱ्यांचं ज्ञान. आम्ही त्याच हद्दी धरून नमुने वेगळे करतो. आपल्याकडे त्या पत्रिकेसाठी कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक नमुना! आमच्या शिवारात तेवढ्यात ओढ्याकाठची खोल काळी, मधली मध्यम आणि माळाचा मुरूम असं सगळं येतं. मग आकडे कुठल्या रानाचे?

तात्यांचंही सगळं पटत नाही. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ हे अगदी खरं. कोळप्यानं भेगा बुजतात, ओल उडत नाही, आणि रब्बी ज्वारी त्या साठलेल्या ओलीवरच दाणा भरते. पण चुनखडीच्या रानात जस्त असूनही पिकाला मिळत नाही, हे पान पिवळं पडेपर्यंत नजरेला दिसत नाही. तिथे प्रयोगशाळाच हवी.

हे लिहिलं तर पुतण्यानं विचारलं, “काका, तिथल्या मूळ लोकांना कुणी विचारलं होतं?”

नाही विचारलं. झाडं सरसकट तोडली, भूजल चढलं, त्याबरोबर मीठ वर आलं. वुड नावाच्या रेल्वे इंजिनिअरनं १९२४ मध्येच कारण छापलं होतं, तरी तोड थांबली नाही. त्या पांढऱ्या पट्ट्यांवरून मी रोज जातो, आणि ग्रुपवर मात्र इथलं चांगलं तेवढंच सांगत आलोय.

त्याहून जड गोष्ट म्हणजे, माझ्या वाटणीच्या रानात मुरूम कुठे सुरू होतो, हे मला आज सांगता येत नाही. लहानपणी पायाला कळायचं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तात्यांना रान चालायला लावलं. तिसऱ्या बांधाच्या अलीकडे ते थांबले. “इथं काळी संपली.” पुतण्यानं तिथे खुंटी ठोकली. आता तिच्या दोन्ही अंगांचे नमुने तो वेगळे काढणार आहे.